लांबून माया

गिरणीच्या अंगणात दोन दारं समोरासमोर होती. एक राहत्या घराचं, दुसरं पोत्यांच्या खोलीचं. मधून चुन्याची रेघ गेली होती. साथ आली तेव्हा ती रेघ आखली गेली, आणि आखली कोणी, तर जिला ती सगळ्यांत जास्त टोचणार होती त्या बाईनेच. चुना भिजवायला नवरा पुढे आला तर तिने डबा त्याच्या हातातून काढून घेतला. तुम्ही वाकडी आखाल, म्हणाली.

सकाळी त्या बाईने पोत्यांच्या खोलीचं दार उघडायच्या आधीच समोरच्या पायरीवर तिची लेक पिठी येऊन बसलेली असायची. पोरीचं खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं. रांगायला लागली तशी गिरणीत लोळायची आणि भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर यायची, म्हणून गिऱ्हाइकांनीच तिची पिठी करून टाकली. पायरीवर बसून ती आईला हजेरी द्यायची. आधी दात दाखवायची, मग हाताचे तळवे, मग तेच हात उलटे करून, आणि शेवटी मान फिरवून वेणी. आजीने घातलेली वेणी एका बाजूला कललेली असायची. ती सोडून पुन्हा घालायला आईचे हात शिवशिवायचे. मग ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहायची आणि छान झालीय हो म्हणायची.

पूर्वी ती नुसती गिरणीवाल्याची बायको होती. आरोग्य केंद्राने घरोघर फिरायला माणसं घेतली तेव्हा तिला घेतलं, कारण तिला लिहितावाचता येत होतं आणि चालण्याचा कंटाळा नव्हता. पण साथीत तिचं काम दहापटीने वाढलं. आजाऱ्याची खाट वेगळी करायची, खिडक्या उघडायला लावायच्या, घरादाराला हात धुवायला शिकवायचं, म्हाताऱ्यांची औषधं पोचवायची. शिवाय कोंडलेली माणसं आजाराआधी एकमेकांनाच विटली होती, तर त्यांची भांडणंही सोडवायची. नवरा-बायको दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसलेले असले की ही दारातून दोघांना दोन कामं सांगायची आणि पुढे जायची. खांद्यावरच्या पिशवीत कायम साबणाच्या वड्या असायच्या, त्यामुळे गावाने तिला साबणबाई केलं. गावाला नाव ठेवायला वेळ लागत नाही, आणि ठेवलेलं पुसायला साबणही पुरत नाही.

पण पिशवीतून साबण जातो तसा आजारही येत असणार, हेही गावानेच ठरवलं. साबणबाई आजाऱ्यांच्या घरात जाते आणि आपलं दळण तिच्याच घरात, असं कोणीतरी म्हणालं आणि गिरणीची गर्दी आटली. लोक डोक्यावर पोती घेऊन टेकडीपलीकडच्या गिरणीत जाऊ लागले. नवरा गिरणीच्या दगडाला पुन्हा पुन्हा टाकी लावत बसायचा, दळण नसताना. त्यात सासूला दमा होता. म्हातारी रात्री उठून बसायची आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. तो ऐकून एका सकाळी सुनेने पोत्यांची खोली झाडली आणि आपलं अंथरूण तिकडे नेलं. सासू दारात उभी राहून बघत होती. नको जाऊस, असं तिने म्हटलं नाही, आणि सुनेलाही ते अपेक्षित नव्हतं. पिठीला आता मी बघते, एवढं मात्र म्हातारी म्हणाली.

त्या दिवसापासून गिऱ्हाइकं परतली आणि गिरणी पुन्हा घरघरू लागली. रेघेजवळ एक रिकामा डबा पालथा घातलेला होता. त्यावर नवरा जेवणाचं ताट ठेवायचा, दोन पावलं मागे सरकायचा, आणि ती ताट उचलेपर्यंत उगाच आभाळाकडे बघत थांबायचा. पावसाचं काही चिन्ह नाही, म्हणायचा. पाऊस यायला अजून बराच अवकाश होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

कामाची सुरुवात काही गोड झाली नव्हती. एका मोठ्या घरात तिला बाहेरच्या दगडावर बसवून सगळं ऐकून घेतलं आणि ती उठल्यावर तिच्या डोळ्यांदेखत त्या दगडावर बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. साबण तिनेच दिलेला होता. चीड आली, पण बोलणार काय? जिथे माणूस बसून जातो ती जागा धुवा हे तीच आदल्या आठवड्यात सांगून गेली होती. शिकवलेलं असं आपल्याच अंगावर आलं की गिळण्यावाचून इलाज नसतो.

मग सोनाराच्या घरात तिला ते वाक्य सापडलं. तिथे सासूची खाट वेगळ्या खोलीत न्या म्हटल्यावर सून कडाडली, आम्ही काय म्हातारीला टाकून देऊ काय. साबणबाई म्हणाली, टाकायचं नाही गं, मायाच करायची. फक्त लांबून. सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि खाट हलली. तेव्हापासून ती प्रत्येक दारात हेच सांगू लागली, लांबून माया करा. ते इतकं तोंडी बसलं की लोक त्यावर विनोद करू लागले. न्हाव्याने तिला रस्त्यात गाठून विचारलं, लांबून माया कळली बाई, आता लांबून दाढी कशी करायची तेवढं सांगा. तीही हसली. आपला शब्द चार तोंडी फिरतोय याचा तिला अभिमान वाटला, आणि का वाटू नये? प्रत्येक घरातून निघताना ती आणखी एक वाक्य म्हणायची, उद्या परत येते. आणि परत जायची.

पिठीने तो शब्द सगळ्यांत चांगला पाठ केला होता. एकदा कोंबडीच्या मागे धावताना ती वजनकाट्याच्या लोखंडी पायाला अडखळून पडली. गुडघा फुटला. आई खोलीतून धावत सुटली आणि रेघेवर येऊन थांबली, पायाची बोटं चुन्यात. पिठी रडत रडत तिच्याकडेच येत होती. हात वर केलेले, नाक वाहत असलेलं. आणि रेघेच्या अलीकडे पोर आपली आपणच थांबली. खाली बघितलं. मग वळली आणि तशीच रडत आजीकडे गेली. आजीने तिला पोटाशी धरलं, गुडघ्यावर फुंकर घातली. शहाणी गं माझी बाय, आई रेघेवरून म्हणाली. मग खोलीत जाऊन तिने तोंडात पोत्याचं टोक कोंबलं आणि पोटभर रडली. पोर चुकली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी दोघी आपापल्या बाजूला बसायच्या आणि आई दिवसभराची गोष्ट सांगायची. कोणाच्या दारात कुत्रं मागे लागलं, कोणत्या आजोबांनी साबण खाऊन बघितला. पिठी ऐकताना गुडघ्यावरची खपली खरवडायची. ताप मोजायची बंदूक तिला फार आवडायची. कपाळासमोर धरली की ट्यूं वाजते आणि आकडा येतो. पण तिचा सेल सारखा जायचा. केंद्रात नवा मागितला की उद्या बघू म्हणायचे. मग साबणबाई बंदूक मांडीवर आपटायची, ती थोडी चालायची, पुन्हा मरायची. हे आपटणं पिठी हुबेहूब करून दाखवायची. अंधार पडू लागला की आई उठायची आणि कोणत्याही घरी सांगावं तसं सांगायची, उद्या परत येते.

साथ ऐन भरात असताना सुताराचा निरोप आला. त्याची बायको तापाने पडली होती आणि तिचं मूल अजून मानही धरत नव्हतं. साबणबाई पोचली तर सुतार तिला अभिमानाने आतली खोली दाखवायला घेऊन गेला. खोलीच्या मधोमध त्याने फळ्यांची भिंत उभी केली होती. रंधा मारून गुळगुळीत केलेल्या फळ्या, सांध्यात कागद सरकणार नाही इतक्या बसवलेल्या. पलीकडे बायको, अलीकडे त्याची बहीण, आणि बहिणीच्या मांडीवर ते मूल. बहीण त्याला चमच्याने वरचं दूध पाजत होती आणि ते ओठांच्या कडेने बाहेर येत होतं. रडून रडून पोराचा आवाज बसला होता.

साबणबाई तोंडाला कापड घट्ट बांधून पलीकडे गेली. बाई भिंतीला टेकून बसली होती. छाती दगडासारखी तटतटलेली, कपड्याचा पुढचा भाग भिजलेला, हात अंगाला लागला तरी कळवळत होती. पलीकडून मूल रडलं की तिचं दूध आपोआप वाहायचं, आणि ती डोळे मिटून घ्यायची.

"पोराला पाजत का नाहीस?" साबणबाईने विचारलं.

उत्तर फळ्यांच्या पलीकडून सुताराने दिलं. "तुम्हीच म्हणालात ना बाई. लांबून माया."

तिने पिशवीत हात घातला. बंदूक काढली तर मेलेली. मांडीवर आपटली, चालली नाही. मग तिने हात धुतले आणि बाईच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. ताप उतरणीला लागला होता. आईचा श्वास नीट चालत असेल तर तिने तोंड झाकून, हात धुऊन, खिडकी उघडी ठेवून पाजायचंच, हे केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. तेच सांगायचं ती विसरली होती. वाक्य गोड लागलं म्हणून तेवढंच गावभर वाटत सुटली होती.

"माझं बोलणं अर्धं राहिलं हो," ती सुताराला म्हणाली. "दूध लांबून पाजता येत नाही. फळ्या काढा."

सुताराने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या फळ्यांकडे बघितलं, आणि पटाशी घेतली. त्याच्या बायकोने हात धुतले, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. मूल हातात आलं तसं तिने ते छातीशी ओढून घेतलं. साबणबाई बाहेर जाऊन खिडकीखाली उभी राहिली. आधी चिडकं रडणं ऐकू आलं, मग धडपड, मग घटाघट गिळण्याचा आवाज. तो ऐकताना तिच्या स्वतःच्या छातीत कळ उठली, जणू पिठी अजून अंगावरच पीत होती. तिला पिठी हवी होती. आत्ता, अंगाशी, तिच्या घामासकट आणि शेंबडासकट. दुसरं काहीही नको होतं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग पुढचं घर आठवलं आणि ती चालू लागली.

संध्याकाळी तिने ही गोष्ट पिठीला सांगितली. सांगायला नको होती, पण जीव भरून आला की माणसाचं तोंड आवरत नाही. फळ्या सांगितल्या, बाळाचा बसलेला आवाज काढून दाखवला. पिठी हसली. मग तिने विचारलं की बंदूक बंद पडली तर ताप कसा बघितला.

"हाताने बघितला."

"हात लावलास तिला?"

"लावला. मग साबणाने धुतला."

पिठीचं खपली खरवडणं थांबलं. तिने थोडा विचार केला.

"मला पण ताप आहे," ती म्हणाली.

आजी मागेच बसली होती. तिने पटकन नातीच्या कपाळाला हात लावला आणि काही नाही गं, गार आहेस, म्हणून सांगितलं. पिठीने आजीचा हात झटकला आणि आईकडे बघत राहिली. आई दिवसभर आजाऱ्यांत फिरून आली होती. पिठीच्या मागे भिंतीला आजीच्या दम्याची वाफ घ्यायची किटली दिसत होती. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

"आजीने बघितला ना," ती म्हणाली. "मग झालं."

पिठी उठली आणि घरात गेली. त्या संध्याकाळी उद्या परत येते हे सांगायला समोर कोणी उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी रिकामी होती. आईने दार मुद्दाम जोरात उघडलं, बादली वाजवली, खोकली. मग नवऱ्याने सांगितलं की अजून झोपलीय. झोपली नव्हती, आतून तिच्या गाण्याचा आवाज येत होता. ती हजेरी पुन्हा सुरू झाली नाही. कधी दिसलीच तर गिऱ्हाईक बघावं तशी आईकडे बघायची.

एका दुपारी साबणबाई नळावर पाय धूत होती. गिरणीत परगावची एक बाई दळण घेऊन आली होती. पोत्यावर बसलेल्या पिठीला तिने विचारलं, ती नळावरची कोण गं तुमची?

"ती माझी लांबची आई आहे," पिठी म्हणाली.

लांबची मावशी असते, लांबचा मामा असतो, तसं सहज. परगावची बाई खो खो हसली. नवराही हसायला लागला आणि मधेच थांबला. त्याने गिरणीचा वेग वाढवला. साबणबाईने धुतलेले पाय पुन्हा धुतले.

पुढे साथ ओसरली, आली होती तशीच, कोणाला न विचारता. गावातली काही माणसं तिने बरोबर नेली. सोनाराची म्हातारी गेली. सुताराची बायको उठली आणि तिचं पोर गुटगुटीत झालं. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी साबणबाईला तपासलं आणि आता खुशाल घरी राहा म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती डोक्यावरून न्हायली, कपडे उकळत्या पाण्यात टाकले, नखं कापली. नवऱ्याने गिरणीतला खराटा घेऊन चुन्याची रेघ झाडून टाकली. झाडली तरी मातीत पांढरट खूण राहिलीच. सासू दारातच उभी होती. ये, आपल्या घरात ये, म्हणाली, आणि दारातून बाजूला सरकली. म्हातारी उगाच कशाला वाईट ठरेल, तिने पोर जिवापाड सांभाळली होती.

आई पायरीवर बसली आणि तिने हात पसरले. पिठी आजीच्या मागे गेली. आजीने तिला पुढे ढकललं, अगं आई आहे तुझी, जा की. पिठीने दोन्ही मुठींत आजीचे कपडे घट्ट धरले.

"ओढू नका, आत्याबाई," सून म्हणाली. "येईल ती."

ती आली नाही. त्या दिवशी नाही, आठवडा उलटला तरी नाही. जेवायला बसली की आजीच्या पलीकडे बसायची. वेणी आजीकडूनच, वाकडी. साबणबाई आता त्याच छपराखाली झोपत होती, पोरीचा श्वास कानावर येत होता, आणि तो पोत्यांच्या खोलीतल्यापेक्षा लांब वाटत होता. तिकडे असताना मधे रेघ होती. रेघेला दोष देता येत होता. आता मधे काहीच नव्हतं. नवरा म्हणाला की पोरंच ती, विसरतील. ती म्हणाली, विसरेल याचीच भीती वाटते.

एका दुपारी ती पोत्यांच्या खोलीच्या दारात बसून धान्य चाळत होती. खोली उघडी टाकली होती, आतली पोती उन्हात होती. चाळणीचा आवाज आणि गिरणीची घरघर, त्यात तिला समोर कोणी आल्याचं कळलंच नाही.

"घरात कोणी आहे का?"

तिने मान वर केली. रेघेच्या पांढरट खुणेवर पिठी उभी होती. आईची जुनी पिशवी तिने गळ्यात अडकवली होती आणि ती जमिनीवर लोळत होती. नाकातोंडाला आजीचा रुमाल बांधलेला, हातात वाकडी काटकी.

आईच्या ओठांवर हाक आली होती. ती तिने गिळली.

"आहे ना, बाई," ती म्हणाली.

"आजारी कोण आहे?"

"मीच आहे."

"काय होतंय?"

 "घास उतरत नाही," ती म्हणाली. "झोप लागत नाही."

"खोकला?"

"खोकला नाही."

पिठीने मान डोलावली, असे आजारी तिने पुष्कळ बघितले असावेत. लांबूनच काटकी आईच्या कपाळाकडे रोखली. काटकी वाजली नाही. तिने ती मांडीवर आपटली, एकदा, पुन्हा एकदा. कानाशी धरून हलवली.

"सेल संपला," ती म्हणाली.

आईने चाळणी खाली ठेवली. हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिथेच दाबून धरले, कारण आजारी माणूस बाईला धरत नसतो. पिठीने काटकी पिशवीत टाकली. उजवा हात फ्रॉकला पुसला, उलटा करून पुसला. मग ती खूण ओलांडून आली आणि आईच्या कपाळावर हात ठेवला. मागची बाजू लावायची हे ती विसरली, पूर्ण तळवाच टेकवला. हात ऊन होता, थोडा चिकट होता, त्याला पिठाचा वास होता. आईने डोळे मिटले. श्वास घेतला तर हात हलेल म्हणून तिने श्वासही घेतला नाही.

"ताप नाही," पिठीने निकाल दिला. "खिडकी उघडी ठेवा. हात धुवा. अंगठे पण."

"हो, बाई."

"उद्या परत येते."

हात निघाला. कपाळावर तेवढी जागा गार पडली. पिठीने पिशवी सावरली आणि ती नळाकडे निघाली. तिथे टाचा उंचावून तिने हात धुतले, अंगठे धुतले, बेचक्या धुतल्या. दारात आजी पदराने तोंड दाबून उभी होती, आणि गिरणी केव्हा थांबली ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"जरा लवकर या, बाई," आई मागून म्हणाली.

पिठीने मागे न बघता मान हलवली आणि पिशवी ओढत पुढे गेली. तिला अजून बरीच घरं करायची होती.